एक नंबर, एकच व्हेंडर: नाशिकमधल्या सोलर लीड साइटचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर: मोफत वीज योजना’ सुरू झाली आणि ज्यांना स्वतःची गच्ची आहे अशा घरांत सोलरचा विषय निघू लागला. पहिल्या २ किलोवॉटला किलोवॉटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, म्हणजे ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या सिस्टिमला एकूण ७८,००० रुपये सब्सिडी. ती थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते. नाशिकमध्ये इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोडच्या आतल्या कॉलन्या अशा भागांत बंगले आणि रो-हाउस भरपूर आहेत. तिथल्या माणसांना सोलर हवं होतं, पण कुणाकडून घ्यायचं हे कळत नव्हतं.

या प्रकरणातल्या बाईंना सगळे ताई म्हणतात, इथेही तेच म्हणू. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि त्यांच्या संमतीनेच हे लिहितो आहे. ताईंनी इलेक्ट्रिकल सामानाच्या एका दुकानात बरीच वर्षं हिशेब सांभाळला होता. मुलं लहान असताना नोकरी सुटली, मग घरी बसून वर्डप्रेसवर वेबसाइट बनवायला शिकल्या. पुढे सल्ल्यासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा बेत पक्का होता. नाशिकपुरती, मराठीत, फक्त घरगुती सोलरची वेबसाइट काढायची. वाचणारा चौकशी करेल, ती चौकशी (धंद्याच्या भाषेत ‘लीड’) ताई इन्स्टॉलरकडे, म्हणजे सोलर बसवून देणाऱ्याकडे पाठवणार आणि काम झालं की कमिशन घेणार. पॅनल विकायचे नाहीत, कोटेशन द्यायचं नाही.

तत्त्व अफिलिएट मार्केटिंगचंच: दुसऱ्याचा माल सुचवायचा आणि विक्री झाली की कमिशन घ्यायचं. फरक एवढाच की अ‍ॅमेझॉनच्या लिंकवर कुणी काय घेतलं ते कंपनीच्या हिशेबात आपोआप दिसतं. इथे विक्री होते गच्चीवर, आणि ती झाली की नाही हे फक्त ग्राहक आणि इन्स्टॉलर या दोघांना माहीत. पुढची सगळी गुंतागुंत याच एका गोष्टीतून निघाली.

पहिला इन्स्टॉलर दुकानाच्या ओळखीतला होता. महावितरणच्या यादीतला नोंदणीकृत व्हेंडर, हाताखाली दोन टीम. ताई त्याला भाऊ म्हणत. तोंडी ठरलं: बसलेल्या प्रत्येक सिस्टिममागे ३,००० रुपये. लेखी काही नाही. “ताई, आपल्यात काय लिहून घ्यायचं,” असं भाऊ म्हणाला आणि विषय तिथेच संपला.

साइट उभी करताना

पहिला निर्णय पानांचा होता. ताईंचा भाचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करत होता. त्याचं म्हणणं: सिडको, सातपूर, पंचवटी, देवळाली कॅम्प, ओझर अशी प्रत्येक भागाच्या नावाची चाळीस पानं काढायची, मजकूर तोच, फक्त भागाचं नाव बदलायचं. स्थानिक लीडच्या साइट अशा बनवायची पद्धत जुनीच आहे. पण नुसत्या गावाच्या नावावर रहदारी ओढणाऱ्या अशा पानांना गूगलच्या स्पॅम धोरणात स्पष्ट मनाई आहे आणि मार्च २०२४ मध्ये घाऊक तयार केलेल्या मजकुराबद्दलचे नियम आणखी कडक झाले. त्याहून मोठी अडचण साधी होती. सातपूरच्या माणसाला ते पान वाचून सातपूरबद्दल काहीच नवीन कळणार नव्हतं.

दुसरा निर्णय गूगल मॅपचा. भाच्याला तीन भागांत तीन नावांनी लिस्टिंग टाकायची होती, पत्ते नातेवाइकांच्या घरांचे. गूगल बिझनेस प्रोफाइलच्या नियमांत लीड गोळा करणाऱ्या एजंटांना आणि कंपन्यांना जागाच नाही. लिस्टिंग चालली असती, कदाचित वर्षभरही चालली असती. पण ज्या धंद्याचा पायाच खोटा पत्ता आहे तिथे कुणी आपला नंबर विश्वासाने द्यावा ही अपेक्षा कशी करायची? ताईंनी नकार दिला. माझ्या मते साइटच्या पहिल्या वर्षातला हा सर्वांत चांगला निर्णय, आणि तो घेताना फायदा डोळ्यांसमोर दिसत होता म्हणून मला त्याचं जास्त कौतुक आहे.

मग मोजकीच पानं झाली. त्यांतलं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पान सब्सिडीचं असेल असा माझा अंदाज होता, तो चुकला. सब्सिडीची माहिती सगळीकडे होती. लोक थांबून वाचत होते ते स्ट्रक्चरचं, म्हणजे पॅनल ज्यावर बसतात त्या लोखंडी सांगाड्याचं पान.

ते पान ताईंनी भाऊच्या टीमबरोबर तीन-चार गच्च्यांवर उभं राहून लिहिलं होतं. ३ किलोवॉटला ५४० वॉटचे सहा पॅनल लागतात आणि साधारण ३०० चौरस फूट जागा जाते. स्ट्रक्चर कमी उंचीचं असेल तर कोटेशन स्वस्त दिसतं, पण पॅनलखालून वाकूनच जावं लागतं, वाळवण घालायला जागा उरत नाही आणि टाकी साफ करायला पॅनलच्या कडेने सरकावं लागतं. उंच स्ट्रक्चर केलं तर गच्ची वापरात राहते, मात्र लोखंड वाढतं आणि खर्चही. पायाचे बोल्ट स्लॅबमध्ये ड्रिल करून बसवणार की काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत, पाइप हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) आहे की पातळ जीआय, डीसी (पॅनलकडची बाजू), एसी (घराकडची बाजू) आणि लाइटनिंग अरेस्टर (वीजरोधक) यांचं अर्थिंग वेगवेगळं आहे ना, हे सगळं फोटोसकट त्या पानावर होतं. शेजारी एक साधी सूचना: सब्सिडी हवी असेल तर पॅनल डीसीआर, म्हणजे भारतात बनलेल्या सेलचेच लागतात, कोटेशन फारच कमी वाटलं तर आधी हेच विचारा.

चौकशीसाठी लांबलचक फॉर्म ठेवला नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं बटण आणि एकच विनंती: लाइट बिलाचा फोटो पाठवा. बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, मंजूर भार असतो, मागच्या महिन्यांचे युनिट असतात. १ किलोवॉटमधून दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तर ३ किलोवॉटमध्ये महिन्याला साडेतीनशेच्या आसपास होतात, त्यामुळे किती किलोवॉट लागेल ते फोटोवरूनच कळायचं. आणखी एक गोष्ट बिलावरच दिसायची. किती तरी घरांत बिल अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर होतं. अर्ज, बँक खातं आणि बिल यांवर नाव एकच नसेल तर सब्सिडी अडकते. ताई अशा माणसाला सांगायच्या, “काका, आधी नाव बदलून घ्या, मग या.” ती लीड त्या दिवसापुरती हातची जायची. महिन्या-दोन महिन्यांनी नाव बदललेलं बिल घेऊन त्यातले बरेच जण परत यायचे.

फ्लॅटवाल्यांनाही सरळ सांगितलं जायचं की गच्ची सोसायटीची आहे, आधी सोसायटीचा ठराव लागेल. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी योजनेत किलोवॉटमागे १८,००० रुपयांची वेगळी तरतूद आहे, ती माहिती देऊन विषय संपायचा.

अडचण

पहिल्या दिवाळीपर्यंत चौकशा तुरळक होत्या. उन्हाळ्याची चाहूल लागली तशा त्या वाढल्या आणि मार्चमध्ये जवळपास रोज एखादी येऊ लागली. ताई त्या वहीत लिहायच्या: तारीख, भाग, युनिट, भाऊला कधी पाठवली. भाऊकडून मात्र “ताई, लोक नुसते विचारतात, घेत कोणी नाही” हेच उत्तर. एप्रिलअखेर त्याने पाचच कामं झाल्याचं सांगितलं आणि तेवढ्यांचे पैसे दिले.

ताईंना आकडा पटेना. बिलाचा फोटो काढून पाठवणारा माणूस नुसता विचारायला आलेला नसतो. त्यांनी वही उघडली आणि जुन्या चौकशांना स्वतः फोन लावायला घेतले. हिशेब विचारायचा नाही, फक्त “तुमचं काम कसं चाललंय?” एवढंच. तिसऱ्या-चौथ्या फोनवर एक आजी म्हणाल्या, “हो बाई, बसवलं की. मीटर पण लागलं. तुमच्या त्या माणसानेच तर बसवलं.” ते काम भाऊच्या पाचांत नव्हतं. अशी आणखी काही निघाली.

भाऊला विचारल्यावर त्याच्याकडे प्रत्येकासाठी उत्तर होतं. एक गिऱ्हाईक त्याच्या जुन्या ओळखीचं. दुसऱ्याने आधी त्याच्या शेजाऱ्याकडे चौकशी केली होती. तिसऱ्याने साइटवरून विचारलं, पण शेवटी दुकानात येऊन ठरवलं. यातली काही उत्तरं खरीही असतील. सोलर घेणारा माणूस तीन-चार ठिकाणी विचारतोच, आणि गिऱ्हाईक नेमकं कुणामुळे आलं याचं एकच खरं उत्तर अनेकदा नसतंच. पण ‘बसलेल्या सिस्टिममागे’ असं ठरवताना ‘कुणाची सिस्टिम’ हे ठरलंच नव्हतं.

त्याच सुमारास दुसरा प्रश्न आला. पहिल्या पावसात इंदिरानगरच्या एका घरी स्लॅबमधून पाणी झिरपायला लागलं, ड्रिल केलेल्या बोल्टच्या जागी. ग्राहकाने भाऊला नाही, ताईंना फोन केला. “ताई, तुमचं वाचून मी यांच्याकडे गेलो.” कागदावर या कामाशी ताईंचा काहीच संबंध नव्हता. त्या माणसाच्या लेखी मात्र होता, आणि माझ्या मते त्याचं बरोबर होतं. ताई दुसऱ्या दिवशी त्या गच्चीवर गेल्या, भाऊला तिथे बोलावलं आणि वॉटरप्रूफिंग होईपर्यंत पाठपुरावा केला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता लीड विकण्याचा. काम होवो न होवो, प्रत्येक नंबरचे १५० ते २०० रुपये, आणि तोच नंबर तीन व्हेंडरना. पैसे लगेच, वाद नाही, वही नाही. दोन व्हेंडर तयारही होते. या पर्यायाचं आकर्षण मी कमी लेखत नाही. हातात येणाऱ्या पैशाचा विचार केला तर त्या महिन्यांत तोच सर्वांत फायद्याचा होता. पण बिलाचा फोटो पाठवणाऱ्या माणसाला त्याच दुपारी तीन अनोळखी फोन येतात, रात्री आणखी दोन, आणि मग तो कुणाचाच फोन उचलत नाही. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा सरळ अर्थ हाच की ज्या कामासाठी संमती दिली त्याच कामासाठी माहिती वापरायची. ‘एका चांगल्या इन्स्टॉलरची गाठ घालून द्या’ म्हणणाऱ्याने आपला नंबर तीन जणांना वाटायची संमती दिलेली नसते.

दुसरा पर्याय: स्वतःच छोटी एजन्सी काढून काम घ्यायचं, बसवायला भाऊसारख्याची टीम. नफा जास्त, पण भांडवल, माणसं, व्हेंडर नोंदणी, पाच वर्षांची देखभाल हे सगळं अंगावर. ताईंना ते नको होतं, त्यामुळे यावर फार चर्चा झाली नाही.

तिसरा: साइटवर जाहिराती लावायच्या, इन्व्हर्टर-बॅटरीच्या अफिलिएट लिंक टाकायच्या. एका शहरापुरत्या साइटची वाचकसंख्या त्याला पुरत नाही. भाच्याने सुचवलेल्या फेसबुक लीड फॉर्मचंही तसंच. तिथे नाव-नंबर आपोआप भरलेला येतो, माणूस बोट लावून मोकळा होतो आणि फोन केल्यावर विचारतो, “कसलं सोलर?”

चौथा: कमिशन ठेवायचं, पण ते दोन टप्प्यांत फोडायचं. इन्स्टॉलर ग्राहकाच्या घरी जाऊन गच्ची पाहून आला, म्हणजे व्हिजिट झाली, की थोडे पैसे, काम पूर्ण झालं की उरलेले. व्हिजिट झाली का, हे ग्राहकाला एक मेसेज टाकून त्याच संध्याकाळी कळतं. तिथे इन्स्टॉलरच्या शब्दावर अवलंबून राहावं लागत नाही.

मी चौथ्याच्या बाजूने होतो. ताईंचा कल काही दिवस पहिल्याकडे होता, आणि त्यामागे त्यांची घरखर्चाची कारणं खरी होती.

केलेली कामं

शेवटी ताईंनी चौथा पर्याय घेतला आणि सोबत एक अट स्वतःहून घातली: एक नंबर एकाच व्हेंडरला, आणि तो कोण हे ग्राहकाला आधी सांगायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर बिल आलं की ताईंचं पहिलं उत्तर आता असं असतं: ‘तुमचा नंबर अमुक यांना देऊ का? त्यांच्याशिवाय कुणालाही देणार नाही. काम झालं तर मला त्यांच्याकडून कमिशन मिळतं.’ शेवटचं वाक्य टाकायला भाच्याचा विरोध होता. प्रत्यक्षात ते वाचून मागे फिरलेलं कुणी ताईंना आठवत नाही. उलट दोघा-तिघांनी ‘मग तुम्हीच त्याच्याकडून भाव कमी करून द्या’ म्हटलं. भावात पडायचं नाही हे ताईंनी ठरवलं होतं, ते त्यांनी पाळलं.

नवा करार दोन पानी आणि लेखी. व्हिजिटला ४०० रुपये, काम पूर्ण झाल्यावर २,०००. आधीच्या ३,००० पेक्षा बेरीज कमी, पण पाचातल्या दोन व्हिजिटचं जरी काम झालं तरी मिळकत लपवाछपवीच्या काळापेक्षा जास्त येते: पाच व्हिजिटचे २,००० आणि दोन कामांचे ४,०००. गिऱ्हाईक कुणाचं याचीही व्याख्या केली. ताईंनी नंबर पाठवल्यावर चोवीस तासांत ‘हा आमच्याकडे आधीपासून आहे’ असं पुराव्यासह कळवलं नाही, तर पुढचे नव्वद दिवस ते गिऱ्हाईक ताईंकडून आलेलं धरायचं. या एका कलमाने निम्मे वाद संपले.

भाऊचं काय करायचं हा अवघड भाग होता. त्याला एकदम तोडावं असं ताईंच्या घरच्यांचं मत होतं. ताईंनी त्याच्यापुढे जुना हिशेब ठेवला, ज्या कामांचा वाद होता त्यांतली निम्मी सोडून दिली, उरलेल्यांचे पैसे मागितले आणि नवा करार समोर ठेवला. भाऊने पैसे दोन हप्त्यांत दिले, करारावर सही मात्र केली नाही. मग दुसरा व्हेंडर शोधला. त्याची आधी बसवलेली कामं ताईंनी जाऊन पाहिली, मुद्दाम पावसाळ्यात: बोल्टच्या जागा, अर्थिंगचे खड्डे, वायरिंगचे पाइप. घरच्या लोकांना एकच प्रश्न: बसवल्यावर फोन केला तर उचलतात का?

कराची बाजूही तेव्हाच नीट लावली. नवा व्हेंडर प्रायव्हेट लिमिटेड होता, त्यामुळे कमिशनवर तो आयकर कायद्याच्या कलम १९४एच खाली टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापू लागला. ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर ५ वरून २ टक्क्यांवर आला होता. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची, तिच्या ताई पुष्कळ खाली आहेत.

निकाल

साइट चालू आहे. एका पगाराइतकी मिळकत ती देत नाही, पण अर्ध्या पगाराच्या जवळ जाते, आणि पावसाळ्यात गच्चीची कामं थांबली की खाली येते. व्हिजिटच्या पैशांमुळे निदान ते महिने कोरडे जात नाहीत. आता येणाऱ्या चौकशांचा मोठा वाटा आधीच्या ग्राहकांनी नंबर दिलेल्या शेजाऱ्यांचा आहे. ही माणसं साइट न वाचताच फोन करतात. शोधाच्या निकालात साइट वर-खाली होते, तरी आता धंदा सगळा त्यावर टांगलेला नाही.

भाऊने वर्षभराने फोन केला. नव्या करारावर यायला तो तयार होता. ताईंनी त्याला सिडको आणि अंबडचा भाग दिला, अट तीच: बोल्ट काँक्रीटच्या ठोकळ्यांत, स्लॅबला ड्रिल नाही.

वेगळं काय करता आलं असतं

चौकशी व्हेंडरकडे पाठवल्यावर तीन आठवड्यांनी ग्राहकाला स्वतः फोन करणं पहिल्या दिवसापासून हवं होतं. तो फोन पडताळणीसाठी म्हणून सुरू झाला, पण अडकलेला अर्ज, न आलेलं मीटर हे सगळं त्यातूनच कळलं आणि पुढची पानं त्यातूनच लिहिली गेली. तो आधी झाला असता तर भाऊबरोबरचा वादही चार-पाच कामांवरच थांबला असता.

व्हेंडरची जुनी कामं साइट सुरू करण्याआधी पाहायला हवी होती. ओळख आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंदिरानगरच्या गच्चीवरचं पाणी ताईंच्या प्रयत्नाने थांबलं, तरी त्या घराने एक पावसाळा सोसला.

एका मुद्द्यावर ताईंचं आणि माझं अजून जमत नाही. मला वाटतं सुरुवातीलाच दोन व्हेंडर हवे होते, भाग वाटून दिलेले. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून पाहता आलं असतं. ताईंचं म्हणणं, तेव्हा दोघांना पुरतील इतक्या चौकशाच नव्हत्या आणि अर्धी भूक भागलेला व्हेंडर फोन लवकर उचलत नाही. दोन्हीत तथ्य आहे. सिन्नरच्या भागासाठी तिसरा व्हेंडर घ्यायचा विचार सध्या चालू आहे, आणि तिथल्या एकाची कामं पाहायला ताई पुढच्या पावसाची वाट बघत आहेत.